चारशे बारा ओळींचा आळ

काकांवर आळ आला तो मंगळवारी सकाळी, आणि आळ घेणारी त्यांची सख्खी पुतणी होती.

विणकामाच्या त्या कारखान्यात इनमीन तीन माणसं. काका नक्षी काढायचे, काकू विणलेला माल तपासून घड्या घालायची आणि नुकतीच विज्ञानाची पदवी घेऊन आलेली पुतणी संगणक सांभाळायची. कुठलीही गोष्ट उलटीपालटी करून पाहिल्याशिवाय तिचं समाधान होत नसे, म्हणून काका तिला भिंगबाई म्हणायचे.

नक्षी म्हणजे साध्या मजकुराची फाइल. एका ओळीत एकशे ऐंशी अक्षरं, एका सुईला एक. फुली असेल तिथे निळा धागा, टिंब असेल तिथे पांढरा. तिसरं काही दिसलं, तर यंत्र ती सुई रिकामी सोडायचं.

महिन्यापूर्वी भिंगबाईने या फाइलींसाठी एक सामायिक भांडार उभारलं. काकांचा संगणक, तिचा आणि यंत्राला जोडलेला, तिन्हीकडे तेच. कुणी, केव्हा, कुठली ओळ बदलली, याची नोंद आपोआप. काकांच्या सव्वातीनशे नक्षी त्यांच्या एकाच जुन्या संगणकात होत्या आणि तो अलीकडे सुरू होताना जात्यासारखा घरघरायचा. तो बंद पडला असता तर चाळीस वर्षांचं काम पाण्यात. तरी काकांनी भांडारात घातल्या फक्त दहा. "महिनाभर बघतो," ते म्हणाले होते. "पटलं तर बाकीच्या. नाहीतर या दहाही परत."

महिना आज संपत होता. आणि आजच नमुना बिघडला.

"हे बघ तुझं भांडार," काकांनी नमुन्याचा पट्टा तिच्या टेबलावर टाकला. नक्षी झकास होती, पण एका कडेला, नक्षी आणि साध्या किनारीच्या मध्ये, वरपासून खालपर्यंत शिडीच्या पायऱ्यांसारखी फट. प्रत्येक ओळीला एक सुई रिकामी गेलेली.

भिंगबाईने नोंद उघडली. चारशे बारा ओळींची नक्षी आणि चारशे बाराच्या चारशे बारा ओळी बदललेल्या. बदलणाऱ्याच्या जागी काकांचं नाव.

"काका, तुम्हीच बदललीय की सगळी."

"मी? एक टाका हलवला असेल तर नाव बदलीन!"

"पण नोंद खोटं बोलत नाही, काका."

"म्हणजे मी बोलतो?" काकांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. तेच वाईट. "अगं ऐकलंस का? उतारवयात चोर ठरलो मी, तेही स्वतःच्याच नक्षीचा."

"आधी चहा घ्या," काकू घडीवरची नजर न काढता म्हणाली. "चोरांनाही देतात."

काका हसले नाहीत. "संध्याकाळपर्यंत माझ्या दहा नक्षी काढून दे," म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले.

भिंगबाईचं तोंड एवढंसं झालं. तिने जुनी आणि नवी फाइल शेजारी शेजारी ठेवली. फुलीला फुली, टिंबाला टिंब. तसूभर फरक नाही. डोळ्यांना दिसत नाही तर मोजून बघावं, म्हणून तिने आकार पाहिला. जुनी फाइल चौऱ्याहत्तर हजार पाचशे बहात्तर अक्षरांची. नवी चौऱ्याहत्तर हजार नऊशे चौऱ्याऐंशी. तिने वजाबाकी केली आणि खुर्चीतून उठलीच.

चारशे बारा! ओळीमागे बरोबर एक. न दिसणारं काहीतरी, प्रत्येक ओळीच्या टोकाला.

ती धावत काकांच्या खोलीत गेली. "काका, सकाळी आल्यावर काय काय करता, ते मला करून दाखवा."

"आता जबाब घेणार माझा?"

"दाखवा ना. पाया पडते."

काका कुरकुरत बसले. एक फाइल उघडली, वरून खाली नजर फिरवली, सेव्ह केली, बंद केली. दुसरी उघडली, नजर, सेव्ह, बंद.

"काहीच बदललं नाही, मग सेव्ह कशाला?"

"कुलूप लावल्यावर आपण एकदा ओढून बघतोच ना? तसं. रोज करतो. दहाच्या दहा."

"आणि एरवी मी टाके दुरुस्त केले की लगेच माझ्याकडून भांडारात पाठवते. काल पहिल्यांदाच मी तुमच्या संगणकावरून पाठवलं, म्हणून नोंदीत आपोआप तुमचं नाव!" भिंगबाईने कपाळावर हात मारला. "काका, ओळ संपली हे सांगायला फाइलमध्ये एक खूण असते. माझा संगणक एक खूण घालतो. तुमचा प्रोग्रॅम दोन घालतो. यंत्राला एकच कळते. दुसरी त्याला एकशे एक्याऐंशीवी सुई वाटली."

"एका ओळीला दोन खुणा? कुणाचं डोकं हे?"

"टाइपरायटरचं," दारातून काकू म्हणाली. लग्नाआधी ती एका कचेरीत टायपिस्ट होती. "ओळ संपली की दोन कामं असायची. गाडी ढकलून डावीकडे न्यायची आणि कागद एक ओळ वर सरकवायचा. गाडी नेऊन कागद नाही सरकवला, तर आधीच्या ओळीवरच ठोकत बसा. तुमच्या संगणकाला अजून जुनी सवय आहे, अहो. मालकासारखीच."

काकांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

भिंगबाईने तिथेच, काकांच्या संगणकावर, भांडारात नियमांची एक छोटी फाइल घातली: कुणीही, कुठूनही पाठवा, आत ओळीअखेर एकच खूण राहील. काकांनी दिवसातून शंभरदा सेव्ह केलं तरी आता बिघडणार नव्हतं. यंत्र सुरू करणाऱ्या आज्ञांची फाइलही भांडारातच होती आणि कालच्या पाठवण्यात तिच्यातही दोन खुणा शिरल्या होत्या; सकाळी यंत्राने त्या खपवून घेतल्या, पण आता धोका नको. ती फाइल काढून टाकून तिने तिथूनच त्याच आज्ञांची नवी घातली आणि तिघं यंत्रापाशी आले.

तिने बटण दाबलं. यंत्र ढिम्म. पडद्यावर एकच ओळ: परवानगी नाही.

"आता कुणाची परवानगी?" काका म्हणाले. "माझी तर कधीच गेली."

भिंगबाई गोरीमोरी झाली. यंत्राच्या संगणकावर फाइल नुसती असून भागत नाही, ती चालवण्याची मुभा आहे अशी खूण तिच्यावर लागते. ती खूणही भांडारातच नोंदलेली असते. जुन्या फाइलीवर होती, नव्या फाइलीवर नव्हती.

"ती खूण कुणी काढली, बघ की नोंदीत," काका मागे हात बांधून उभे राहिले. "नोंद खोटं बोलत नाही म्हणे."

तिला बघायची गरज नव्हती, तरी तिने उघडली. काकांच्या संगणकाला असली खूण माहीतच नव्हती, म्हणून तिथून घातलेली नवी फाइल बिनपरवान्याची गेली होती. बदलणाऱ्याच्या जागी, पाठवताना तिने स्वतःच भरलेलं नाव: भिंगबाई.

"मोठ्याने वाच," काका म्हणाले. "काकूला ऐकू येत नाहीये."

"येतंय हो मला चांगलं!"

"तरी वाच."

तिने वाचलं. काका इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले, आणि त्यांचं बघून तीही हसत सुटली. "चुकले, काका," हसता हसताच ती म्हणाली. "सकाळीही चुकले. नोंद खरी होती, पण मी तिचा अर्थ खोटा लावला."

"हं," काका म्हणाले. "लाव आता ती मुभा."

एका आज्ञेचं काम. यंत्राची गाडी खडखडत निघाली, ओळीवर ओळ चढत गेली. चारशे बारावी ओळ झाल्यावर काकूने पट्टा उजेडात धरला, दोन्ही कडांवरून अंगठा फिरवला आणि घडी घातली. तिच्याकडून याहून मोठी शाबासकी आजवर कुणाला मिळाली नव्हती.

"आता नोंद कर," काका म्हणाले. "मी सांगतो तसं लिही. नक्षीत एकही टाका बदललेला नाही. काका निर्दोष."

तिने टाइप केलं. "पाठवू?"

"थांब. 'काका' नाही, 'काका पूर्णपणे' लिही." ते खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. "आणि झालं की माझ्या खोलीत ये. सव्वातीनशेतल्या दहा गेल्या, म्हणजे उरल्या तीनशे पंधरा. पण एक सांगून ठेवतो, पाठवण्याआधी प्रत्येक मी उघडून, बघून, सेव्ह करणार!"

"करा की," भिंगबाई म्हणाली. "दोनदा करा!"