ज्योती नीलकंठ पळसुले यांचा फॉर्म

जबलपूरच्या महापौरपदाच्या आरक्षणाची चिठ्ठी भोपाळला निघाली, तिच्यात 'महिला' आलं, आणि शहरातल्या सतरा पुरुषांचं अन्न गोड लागेनासं झालं. खुर्चीवर बसलेले महापौर तर आपोआपच बाद झाले, कारण त्यांच्या घरी उभं करायला बाईच नव्हती. खुर्ची रिकामी, नि आपल्याला बसता येत नाही! पण दोनच दिवसांत या सतराही जणांना आठवलं की आपल्याला बायका आहेत. ज्यांनी उभ्या जन्मात बायकोला विचारून साधा पंखा घेतला नाही, ते पेपरवाल्यांना सांगू लागले की आमच्या मिसेसला समाजसेवेची लहानपणापासून आवड.

त्यातलेच एक नीलकंठ पळसुले, राहणार अधारताल. विम्याची एजन्सी नावाला. खरा धंदा पक्षाच्या सभेत पुढच्या रांगेत बसण्याचा. सव्वीस वर्षं हार घालून घालून माणसाचे हात दुखले, पण स्वतःच्या गळ्यात कधी हार पडला नाही. या खेपेला मात्र गडी गुडघ्याला बाशिंग बांधूनच बसला होता. चिठ्ठी निघायच्या आधीच स्वतःच्या नावाची पोस्टरं छापून मोकळा! मग काय करता, त्याच पोस्टरांवर कोपऱ्यात बायकोचा फोटो चिकटवला, पोस्टाच्या तिकिटाएवढा, तोही भाच्याच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला. बाकी पोस्टरभर नीलकंठरावच हात जोडून उभे होते.

ही बायको म्हणजे आपली कुंदा. सासरचे सगळे तिला ज्योती म्हणत. लग्नात ताटभर तांदळात नीलकंठरावांनी अंगठीने 'ज्योती' लिहिलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मुलगी कुंदाची ज्योती झाली. झाली म्हणजे ताटात झाली. पदवीवर कुंदा, नोकरीत कुंदा, बँकेत कुंदा. नवऱ्याने घरातला एक कागद कधी भरला असता तर त्याला हे माहीत असतं. गॅसपासून पासपोर्टपर्यंत सगळे फॉर्म एकोणतीस वर्षं तिनेच भरले, आणि साहेबांनी फक्त 'झालं का?' असं विचारलं.

घमापुरात मुलींची एक खाजगी शाळा होती, आठवीपर्यंतची. कुंदा तिथली बडी मॅडम, म्हणजे मुख्याध्यापिका. आठवी झाली की नववीसाठी रेल्वेलाइन ओलांडून जावं लागे, आणि घमापुरातले बाप मुलींना तेवढं लांब पाठवत नसत. दरवर्षी पंधरावीस पोरी घरी बसत, दोन वर्षांत एखादीचं लग्नच ऐकू येई. नऊ वर्षं कुंदाने नववीच्या मान्यतेसाठी शिक्षण कार्यालयाचे उंबरे झिजवले. या मे महिन्यात मान्यता आली, तिच्याच नावाने. सदतीस मुलींची नावं लिहून झाली होती. येत्या सोमवारी वर्ग उघडायचा होता, आणि पहिल्या तीन महिन्यांत तपासणी होती. त्या वेळी बडी मॅडम बदललेली दिसली की मान्यता पुन्हा लटकलीच म्हणून समजा.

मग या शहाण्या बाईने उभं राहायला होकार काहून दिला? तर बापूसाहेबांमुळे. बापूसाहेब मराठी मंडळाचे अध्यक्ष, वय अठ्ठ्याहत्तर. जबलपुरातली बावीस हजार मराठी मतं आपल्या खिशात आहेत असं ते प्रत्येक पक्षाला सांगत. मंडळाच्या वार्षिक सभेला चाळीस माणसं येत, तीही बटाटेवड्याची वेळ साधून, पण भोपाळच्या लोकांना कोण सांगणार! बापूसाहेब कुंदाकडे आले, पाणी प्यायले, डोळे पुसले.

"सूनबाई, दोनशे वर्षं झाली आपल्याला इथे येऊन. आपला एक महापौर नाही झाला. आणि तू शाळा-शाळा करून राहिलीस. एका शाळेचं काय घेऊन बसलीस? महापौर झालीस तर दहा उघडशील!"

दहा! तिथे बाई फसली. रात्रभर तिने मनातल्या मनात मोजून पाहिलं: घमापुरात एक, अधारतालात दोन, लाइनीपलीकडे एक. शाळेच्या समितीचा नियम कडक होता. निवडणुकीचा फॉर्म ज्या क्षणी मंजूर होईल, त्या क्षणी नोकरी संपली. हरा, जिंका, उद्या फॉर्म परत घ्या, शाळेतली खुर्ची काही परत मिळायची नाही. तरी दहांपुढे एक काय, असं म्हणून तिने हो म्हटलं. आपल्या समजूतदारपणावर तिला पुढे फार संताप आला.

तिकीटही कसं मिळालं ते ऐका. पक्षात दोन मोठे गट, दोन्ही गटप्रमुखांच्या बायका तयार, आणि एकाची बायको दुसऱ्याला चालेना. भोपाळहून निरीक्षक आले. दोन्ही गटांनी त्यांना भेडाघाटला नेलं, संगमरवरी खडकांतून नावेत फिरवलं, जेवू घातलं. नावेतच ठरलं की आपल्या दोघांपैकी कोणी नको. अशी बाई आणा जिचा नवरा कोणाच्याच कामाचा नाही. नीलकंठरावांचं नाव एकमताने निघालं. साहेब हे आजही अभिमानाने सांगतात.

फॉर्म भरायच्या दिवशी कलेक्टर कचेरीत मिरवणूक, ढोल, गुलाल. गुरुजींनी अकरा सत्तेचाळीसचा मुहूर्त काढलेला. फॉर्म लिहिला होता अतुल वकिलाने, नीलकंठराव सांगतील तसा. कुंदासमोर कागदांची चळत आली. पहिल्याच पानावर तिने वाचलं: ज्योती नीलकंठ पळसुले.

"अहो," ती हळूच म्हणाली, "मतदार यादीत माझं—"

"आता मधेच टोकू नको न! मुहूर्त टळून राहिला. सही कर, चल."

तिने पुन्हा तोंड उघडलं तर बापूसाहेब म्हणाले, "सूनबाई, शुभ वेळी शंका काढू नये." बरं बाबा. तिने बोट दाखवतील तिथे आपली नेहमीची सही केली. सहीत काय लिहिलंय ते कोणी पाहिलंही नाही. सगळे फोटोसाठी केस नीट करत होते.

त्याच संध्याकाळी अधारतालच्या घरी बैठक बसली. नीलकंठराव, बापूसाहेब आणि पक्षाचा शहर सचिव आलोक. कुंदाही वही घेऊन खुर्ची ओढून बसली. तर नवरा म्हणतो, "ज्योती, चहा होऊन जाऊ दे." तिने चहा केला, आणला आणि पुन्हा येऊन बसली. तोवर तिघांनी महानगरपालिका वाटून खाल्ली होती. पाणी विभाग आलोक सांभाळेल, सफाईचं नीलकंठराव, उद्यानांत बापूसाहेबांचा जावई. एकाच्याही तोंडी शाळेचं नाव नाही.

"जिंकल्यावर मी ऑफिसात किती वाजता जायचं?" कुंदाने विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आधी आलोक हसला, मग त्याच्यासाठी बाकीचे हसले.

"तू काहून जाशील?" नीलकंठराव म्हणाले. "भाभीजी को धूप में नहीं घुमाना है, काय आलोकजी? फाईल घरी येईल. तुला फक्त सही करायची. बाकी मी आहे न."

"आणि दहा शाळा? बापूसाहेब, तुम्ही म्हणाला होतात."

"अगं, निवडणुकीत बोलावं लागतं," बापूसाहेब बशीत चहा ओतत म्हणाले. "सगळं खरं करायला बसलो तर झालंच मग."

कुंदाच्या अंगाची आग आग झाली. रागापेक्षा लाज जास्त वाटली, या माणसांची नव्हे, स्वतःची. सदतीस पोरींना सोडून आपण या तीन ढेऱ्यांवर विश्वास ठेवला! आजवर नवरा तिला आळशी वाटत आला होता, बडबड्या वाटत आला होता. आळस माफ करता येतो, बडबडही चालते. आज तो तिला फडतूस वाटला. बायकोच्या पदराआडून खुर्चीवर हात टाकणारा माणूस, आणि वर तिलाच सांगतो की बाकी मी आहे!

रात्री तिने स्पष्टच सांगितलं, "मला फॉर्म परत घ्यायचा आहे."

"परत घ्यायचा दिवस छाननीनंतरचा असतो," नीलकंठराव जांभई देत म्हणाले. "उद्या फॉर्म मंजूर होतो. मग घे परत, जर नोकरी उरली असेल तर. झोप आता."

म्हणजे नियम त्याला पाठ होता. बायकोची नोकरी कशाने जाईल ते नीट ठाऊक होतं, आणि तिचं नाव ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता छाननी. खोलीत कूलर घरघरत होता, उमेदवार बायका एका बाजूला नि त्यांचे नवरे टेबलाला चिकटून. छाननी करणारी अधिकारी चाळिशीचीही नसेल. प्रत्येक नवऱ्याला ती एकच वाक्य ऐकवत होती, "आप पीछे बैठिए, मुझे प्रत्याशी से बात करनी है." आणि प्रत्येक नवरा अर्धा फूट मागे सरकून पुन्हा पुढे येत होता. कोणालाच काही वाटत नव्हतं. निगरगट्ट मेले!

पळसुल्यांचा फॉर्म आला. समोरच्या पक्षाचा वकील उठला आणि म्हणाला की या नावाची बाई मतदार यादीतच नाही. अधिकारी बाईंनी यादी उघडली. चारशे बारा नंबरला नीलकंठ पळसुले. चारशे तेराला कुंदा, पतीचं नाव नीलकंठ, घर तेच. पुढे शेजारचं घर सुरू.

"ये कुंदा कौन हैं?" त्यांनी विचारलं.

नीलकंठरावांचा चेहरा असा काही पडला की बापूसाहेबांनी त्यांच्या हाताला धरलं. मग साहेब सावरले, हसले, आणि भर खोलीत म्हणाले, "अरे मैडम, वो पुराना नाम है. वो तो हमने शादी में ही ख़तम कर दिया था."

मागे कोणी तरी फिसकन हसलं. अधिकारी बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि नीलकंठरावांना ओलांडून थेट कुंदाकडे पाहिलं.

"मैडम, छोटी बात है. तीन बजे तक शपथपत्र दे दीजिए कि कुंदा और ज्योती एक ही हैं. मैं फॉर्म मंज़ूर कर दूँगी. नहीं दिया तो ख़ारिज."

अतुल वकिलाने पळत जाऊन स्टॅम्प पेपर आणला, टाइप करून आणला, नोटरीला हाताला धरून आणला. ही सगळी धावपळ दोन वाजेपर्यंत आटोपली. कागद कुंदासमोर आला. मी, कुंदा ऊर्फ ज्योती. तिने तो दोनदा वाचला, शाळेत अर्ज वाचायची तसा, ओळीखाली बोट धरून. यात खोटं काही नव्हतं. खाली सही केली की फॉर्म मंजूर, शाळा गेली, आणि पाच वर्षं फायली घरी.

तिने कागद टेबलावर सरकवला. "मी सही करणार नाही."

"म्हणजे?" नीलकंठराव.

"म्हणजे नाही करणार. सोमवारी माझा नववीचा वर्ग आहे."

मग काय तमाशा झाला म्हणता! बापूसाहेब म्हणाले, सूनबाई, समाजाचं नाक कापून राहिलीस. कुंदा म्हणाली, "बावीस हजार नाकं आहेत न तुमच्या खिशात? त्यातलं एक लावा." अतुल वकील हिंदीत समजावू लागला, मग इंग्रजीत. आलोक मात्र बाहेर जाऊन फोनवर आईला सांगत होता की चांगली साडी नेसून ठेव. पक्षाचा राखीव, म्हणजे डमी फॉर्म त्याने आपल्या ब्याऐंशी वर्षांच्या आईच्या नावाने भरून ठेवला होता, आणि पळसुल्यांचा फॉर्म उडाला की तिकीट तिचंच होतं. नीलकंठरावांना ते दारातून ऐकू आलं. सव्वीस वर्षांची हारांची सेवा, आणि प्रचार करायचा आलोकच्या म्हातारीचा!

आधी त्यांनी डोळे वटारले. मग दरडावलं. मग 'लोक काय म्हणतील' झालं, मुलाची शपथ घालून झाली. पावणेतीनला ते तिच्या खुर्चीपुढे जवळजवळ गुडघ्यांवर आले. एवढ्या वर्षांत या माणसाने तिच्यापुढे मान खाली घालून कधी काही मागितलं नव्हतं, साधं मीठसुद्धा हुकूम दिल्यासारखं मागायचा.

"ज्योती," ते म्हणाले. तिने घड्याळाकडे पाहिलं. त्यांनी टेबलावरच्या यादीकडे पाहिलं, चारशे तेरावर बोट ठेवल्यासारखं, आणि मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "कुंदा. अगं कुंदा, माझी कुंदा न तू? कर न सही."

कुंदाने चमकून वर पाहिलं. माहेरचं कोणी उरलं नाही तेव्हापासून हे नाव तिला फक्त बँकेत आणि हजेरीपटावर भेटे. एक क्षण, खोटं कशाला सांगा, तिचा हात पेनाकडे गेला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी या माणसाने एकदा जरी अशी हाक मारली असती तर तिने काय केलं नसतं!

पण एकोणतीस वर्षांनी त्याला बायकोचं नाव आठवलं ते यादीत वाचून, आणि तेही सहीसाठी.

"तीन वाजेपर्यंत बसा इथेच," ती म्हणाली, आणि पर्स घेऊन घमापूरची ई-रिक्षा पकडायला निघाली. नववीची बाकं अजून यायची होती.