बोलावणे

ओग्न्येनने मातिल्दला घरी बोलावले ते प्रयोगशाळेत, इल्झेच्या देखत.

"शुक्रवारी आमची स्लावा. आमच्या घराण्याच्या संताचा, निकोलाचा दिवस. आईनं बजावलंय, त्या नव्या मुलीला घेऊन ये. येशील ना?"

मग तो इल्झेकडे वळला. इल्झेने चेहरा शक्य तितका निर्विकार ठेवला.

"ओव्हनचं दार परत लागत नाहीये," तो म्हणाला. "मातीचे नमुने काढून ठेव."

इल्झे लात्वियाहून शिकायला सर्बियातल्या निश शहरात आली त्याला दोन वर्षे झाली होती. गेल्या वर्षी हेच बोलावणे तिला आले होते. ओग्न्येनच्या आईने, रादोयका काकूंनी, तिला शेजारी बसवून माशाचे काटे काढून वाढले होते. परक्या मुलखात तिला मिळालेले ते एकमेव घर. आता उपलब्ध पुराव्यावरून तिने निष्कर्ष काढला: जागा एक, मुली दोन, आणि निवड झालेली आहे.

कारणही तिला ठाऊक होते. पोर्तुगालची मातिल्द दोन महिन्यांत सर्बियन भाषेच्या सातही विभक्तींचा बोऱ्या वाजवून मोकळी झाली होती, आणि बाजारातल्या बायका तिच्या पिशवीत वरून दोन सफरचंदे टाकत. इल्झेच्या विभक्ती अचूक होत्या. तिला त्या बायका नुसता भाव सांगत. चुकीचे बोलणाऱ्या परक्यावर लोक माया करतात. बरोबर बोलणाऱ्याशी केवळ बोलतात. या निरीक्षणाला अपवाद शोधण्याचा तिने प्रामाणिक प्रयत्न केला. सापडला नाही.

गुरुवारी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मातिल्द अंड्यांचे बलक वेगळे करत होती.

"आमच्याकडच्या दूध-अंड्याच्या गोड वाट्या करतेय, इल्झे. माझ्या आजीची पद्धत. त्यांना आवडतील ना?"

नाताळाआधीचा उपास चालू होता. त्या घरी मांस, दूध, अंडी वर्ज्य. मासे तेवढे चालत. इल्झेला हे माहीत होते, आणि आपल्याला माहीत आहे, हेही माहीत होते.

"खूप," ती म्हणाली.

शुक्रवारी ती खोलीत एक शोधनिबंध उघडून बसली. पहिल्या परिच्छेदापुढे गेली नाही. दुपार उलटल्यावर फोन वाजला.

"कुठे उलथलीस गं?" रादोयका काकू गरजल्या. "कुणी मेलंय का तुमच्याकडे?"

"नाही, काकू."

"ताप आलाय?"

"नाही."

"मग? सूप दोनदा तापवलं मी. जो तो विचारतोय, आपली लात्वियन कुठाय म्हणून!"

"मला... कुणी बोलावलं नव्हतं."

पलीकडे भांडे आदळल्याचा आवाज आला.

"अगं खुळे, स्लावेला बोलावतात ते एकदाच, पहिल्यांदा! पुढं ज्याचं त्यानं यायचं. दरवर्षी बोलवायला तू काय परकी आहेस? ओग्न्या, ऐकलंस का, ही आमंत्रणाची वाट बघत बसली!" काकूंनी श्वास घेतला. "आणि तुझी ती मैत्रीण उपासाला अंड्याच्या वाट्या घेऊन आली. म्हणते, इल्झेला विचारलं होतं. मी म्हटलं, पोरी, इल्झेला आमचा उपास कळतो, ती असं सांगायची नाही. तुझ्याच ऐकण्यात घोटाळा झाला असेल, भाषा कच्ची तुझी. खरं ना?"

खरे सांगायला ही जागा सोयीची होती.

"कच्ची आहे," इल्झे म्हणाली. "येते मी."

ती पोहोचली तेव्हा मातिल्द आपल्या फजितीची गोष्ट सांगत होती, आणि ती पहिल्यांदा नव्हे, हे ऐकणाऱ्यांच्या तयारीवरून दिसत होते.

"उपासाला तुम्ही म्हणता 'पोस्त'. मला वाटलं, टपाल! म्हटलं, टपाल चालू असताना अंडी का नाही खायची?"

ओग्न्येनचा मामा डोळे पुसत होता. तो उपास पाळत नसे. चार वाट्या त्याने एकट्याने संपवल्या होत्या. "हिला आता परत पाठवायची नाही," त्याने जाहीर केले. ज्या घरात मातिल्दचे हसे व्हावे अशी इल्झेची योजना होती, त्या घराने तिच्यासह हसून तिला पदरात घेतले होते.

इल्झेला कुणी खुर्ची दिली नाही. काकूंनी तिचे गालगुच्चे घेतले, गळ्यात एप्रन अडकवला आणि स्वयंपाकघराकडे ढकलले. "सूप पी आणि ताटं घे धुवायला. माझी कंबर गेलीय."

हा मान खुर्चीपेक्षा मोठा, हे तिला नीट समजले. तरी भिंतीपलीकडे हशा उसळला की तिचा हात थांबे. समजल्याने काही कमी होत नव्हते.

एवढ्यात मातिल्द उष्ट्या ताटांची चळत घेऊन दारात उभी राहिली.

"ठेव ते!" बाहेरून काकू ओरडल्या. "पाहुणी ना तू? ये, बस इथं!"

मातिल्दने ताटे ठेवली. पण गेली नाही. "तुला आत घेतात," ती हळूच म्हणाली. "मला ताटाला हातसुद्धा लावू देत नाहीत."

तो स्वर इल्झेने तत्काळ ओळखला. आठवडाभर स्वतःच्या मनात तिने दुसरे काही ऐकले नव्हते. तिला बरे वाटले, लाज वाटावी इतके बरे.

"आणि पुढच्या वर्षी," ती म्हणाली, "तुला कुणी बोलावणारसुद्धा नाही."

मातिल्दचा चेहरा उतरला. इल्झेने अर्थ सांगितला नाही. तिने पुढचे ताट नळाखाली धरले.