झाकण कुठंय माझं?

बसा रे मित्रांनो, माझ्या झाकणाची गोष्ट सांगते. ऐकून तुमचंही डोकं फिरलं नाही तर सांगा.

मी एक जुनी काचेची टाकी आहे. प्रयोगशाळेत उभा जन्म गेला. कारखान्याचं रसायन माझ्या पाण्यात टाकायचं, मासे सोडायचे, जगतात का मरतात ते बघायचं. काम वाईटच. पण माझ्यातले चार गेले की ओढ्यातले हजार वाचतात, अशी मनाची समजूत घालत आले.

कारागिरानं मला घट्ट बसणारं झाकण दिलं होतं. आणि या शहाण्यांनी काय करावं? टेबलावर जागा नाही म्हणून त्यावर चहाचे कप मांडले!

एकदा लोखंडाचा तेलकटपणा धुवायचं रसायन आलं. कारखान्याला ते ओढ्यात सोडायचं होतं. नाक धरावं असा वास. मदतनीस चष्मेवाल्यानं मापून ओतलं, ते उघड्यावरच! दुसऱ्या दिवशी मासे मजेत.

“मॅडम, पास! सोडू द्या त्यांना बिनधास्त.”

पास कसलं, कपाळ! रसायन उडून गेलं होतं, यांच्याच नाकात. मी ओरडून दमले, पण काचेचं ऐकतो कोण?

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम कपाळ चोळत होत्या. “त्या ओढ्यात माझी भाचरं डुंबतात रे. नीट बघितलंस ना? आणि कालपासून डोकं का ठणकतंय?”

“चहा कमी पडला असेल. घ्या.”

“तुझंही दुखतंय?”

“फुटायचं तेवढं राहिलंय.”

मॅडमनी कप उचलला, खाली बघितलं, मग माझ्याकडे. “अरे गाढवा, हे टाकीचं झाकण ना?”

“मग कप कुठं ठेवायचे?”

ऐकलंत?

झाकण लावून पुन्हा प्रयोग झाला. शेजारच्या टाकीत नुसतं पाणी, तिलाही झाकण. तिथले मासे पोहत राहिले. माझे दुपारपर्यंत उलटे तरंगले.

मॅडम फोनवर कारखान्याच्या साहेबावर कडाडल्या, “रोज ओतणार तुम्ही, उडायला फुरसत कुठली त्याला? एक थेंबही ओढ्यात जाता कामा नये!”

दोन दिवस माझं कौतुक झालं. पुढे मॅडम बदलून गेल्या, माझा कोपरा तडकला. आता पोटात जुन्या वायरी कोंबल्यात. चालेल, म्हातारपण आहे. पण माझ्या जागी आलेली नवी टाकी उघडीच आहे. माझं झाकण तिला बरोब्बर बसतं. आणि ते कुठंय? चहाखाली!

मित्रांनो, कधी इकडे आलात तर एवढं करा. कप हातात धरा, आणि झाकण तेवढं तिच्यावर ठेवा.