दुसरं वाचन

विमा कंपनीच्या त्या कचेरीत पत्रविभाग म्हणजे थोरली, असं सगळेच धरून चालायचे. कुणाचा दावा नाकारायचा असो की कुणाचं सांत्वन करायचं असो, शब्द थोरलीचेच. सही करण्याआधी साहेबसुद्धा विचारायचे, "बाईंच्या नजरेखालून गेलंय ना?" तिची धाकटी जाऊ नोकरी शोधत होती तेव्हा शब्द टाकून तिला इथं चिकटवलं तेही थोरलीनंच. सुरुवातीला तिच्या पत्रांतले काने-मात्रे सुधारलेही तिनंच.

मग पत्रं लिहिणारा प्रोग्रॅम आला. नाव-नंबर टाकला की डोळ्याचं पातं लवायच्या आत अख्खं पत्र पडद्यावर. त्याच्या पाठोपाठ नवी टेबलं आली. आता कुणाची ठरलेली जागा नाही, मिळेल तिथं बसायचं, सामान लॉकरमध्ये कोंबायचं. थोरलीची खिडकीजवळची खुर्ची, तिच्यावरची उशी, शेजारची कुंडी, सगळं एका दुपारी हललं. तेही तिनं गिळलं असतं. पण सगळ्यांना प्रोग्रॅम शिकवायला साहेबांनी निवडावं कुणाला, तर धाकटीला!

काचेच्या खोलीत वर्ग भरला. थोरली मुद्दाम मागच्या रांगेत जाऊन बसली.

"ताई, आधी तुम्ही करून बघा ना," धाकटी पुढून म्हणाली.

थोरलीनं भलतंच बटण दाबलं आणि पडदा कोरा झाला. कुणीतरी फिस्सकन हसलं. धाकटी लगबगीनं आली, थोरलीच्या हातावर हात ठेवून माउस फिरवला आणि पत्र परत आणलं. "होतं असं सुरुवातीला," ती हळूच म्हणाली. त्या हळू बोलण्यानंच थोरलीच्या अंगाची लाही लाही झाली. धाकटी हसली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

दोघींचं घर एकच, त्यामुळे संध्याकाळीही सुटका नव्हती. "धाकटीनं नाव काढलं हो," असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. एकदा ते ऐकून थोरलीनं पातेलं असं आपटलं, की नवऱ्यानं पेपरातून डोकं वर काढलं.

"काय झालं?"

"काही नाही. हातातून निसटलं."

यंत्राचं पत्र दोघांनी वाचल्याशिवाय बाहेर जायचं नाही, असा साहेबांचा नियम होता. पहिलं वाचन धाकटीचं, दुसरं थोरलीचं. एका दुपारी वर्गाच्या घाईत धाकटीनं नुसतं नाव-नंबर पाहून एक पत्र पुढे ढकललं. थोरलीनं ते वाचलं. 'आपल्या निधनाबद्दल आम्हांला अत्यंत दुःख झाले आहे. कृपया सोबतच्या अर्जावर आपली सही करून पाठवावी.' पत्र मेलेल्या माणसाच्याच नावे होतं.

तिनं मान वर केली. काचेपलीकडे धाकटी साहेबांना काहीतरी दाखवत होती आणि साहेब कौतुकानं मान डोलवत होते. पत्र दुरुस्त करणं तिच्या डाव्या हातचा मळ होता. तरी तिनं ते तसंच ठेवून 'पाठवा' दाबलं.

पुढच्या आठवड्यात त्या माणसाची बायको पत्र घेऊन आली. आरडाओरडा नाही, काही नाही. टेबलावर कागद ठेवून तिनं इतकंच विचारलं, "यांची सही मागितलीय तुम्ही. मी ती आणू कुठून?"

एवढी चूक बाईंच्या नजरेतून सुटणार नाही, म्हणजे पत्र परस्परच गेलं असणार, असं धरून साहेबांनी सर्वांसमोर धाकटीला बोलावलं.

"हे वाचलं होतंस?"

"माझं चुकलं," धाकटी म्हणाली. "नीट वाचलं नाही मी."

याच घडीची थोरलीनं वाट पाहिली होती. पण आता तिची नजर धाकटीवर ठरेना. ती त्या बाईच्या हाताकडे बघत राहिली. पत्र चुरगळू नये म्हणून बाईनं ते पुठ्ठ्यात घालून आणलं होतं.

"बाई, यांची माफी मागणारं पत्र तुम्हीच लिहा," साहेब थोरलीला म्हणाले. तिनं लिहिलं, उत्तम लिहिलं. लोकांनी वाहवा केली. तिनं मात्र घाईनं पाकीट बंद केलं.

संध्याकाळी दोघी बरोबरच घरी निघाल्या.

"दुसरं वाचन तुमचं होतं, ताई," वाटेत धाकटी म्हणाली. "तुमच्या नजरेतून एवढी मोठी चूक निसटत नाही."

थोरली जागीच थांबली. "मग साहेबांना सांगितलं का नाहीस?"

"पहिली चूक माझीच होती ना. आणि तुम्हाला तिथं सगळ्यांसमोर खाली मान घालायला लावून मी घरी कोणत्या तोंडानं आले असते?"

दुसऱ्या दिवशी थोरली साहेबांच्या खोलीत गेली आणि सांगून टाकलं, "मी ते पत्र पाहिलं होतं. मुद्दाम जाऊ दिलं." साहेबांनी तिच्याकडचं दुसरं वाचन काढून घेतलं आणि तिला तक्रारी घेऊन येणाऱ्यांच्या टेबलावर बसवलं. हे कशामुळे झालं, ते साऱ्या कचेरीला कळलं. सासूबाईंपर्यंत काही पोचलं नाही. धाकटीनं पोचू दिलं नाही.

आणि तेच थोरलीला सर्वांत जास्त बोचलं. आधी तिला धाकटीच्या हुशारीचा हेवा वाटायचा, आता मनाच्या मोठेपणाचाही वाटू लागला. तरी एका रविवारी धाकटी लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली होती, तेव्हा तिनं शेजारची खुर्ची ओढली.

"दाखव ते पुन्हा पहिल्यापासून. आणि माझा हात धरायचा नाही, सांगून ठेवते."

"नाही धरत," धाकटी म्हणाली आणि लॅपटॉप तिच्याकडे सरकवला.