पंख्याची पाती

सळईच्या टोकाला जुन्या टेबलफॅनची पाती वेल्ड करून बाबांनी ती ड्रिलला लावली होती. गच्चीवर ते वॉटरप्रूफिंगच्या दाट कोटिंगची मोठी बादली ढवळत होते. त्याच साइटवर इंजिनिअर असलेली त्यांची मुलगी साहेबांना घेऊन वर आली.

"हा पंखा कुणाच्या डोक्यातून निघाला?" साहेब हसले.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "असेल कुणा कामगाराचा उद्योग."

"हो साहेब, असेल कुणाचा तरी," बाबा लगेच म्हणाले. "म्हटलं, कोटिंगलाही जरा वारा लागू दे."

साहेबांबरोबर तीही हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

दिवसकार्य आटोपून ती कामावर परतली तेव्हा बाबांचे जोडीदार रंगारीकाका त्याच सळईनं बादली ढवळत होते. शरमेनं तिला मान वर करवेना. तेवढ्यात साहेब आले.

"अजून हाच पंखा? टाका भंगारात."

काकांनी ड्रिल बंद करून सळईला हात घातला.

"राहू द्या, काका," ती म्हणाली. मग साहेबांकडे वळली. "ही सळई माझ्या बाबांनी केलीय, साहेब. त्या दिवशी इथं ढवळत होते ना, ते माझे बाबा."