सतरा नंबरची बडीशेप

ट्यूनिसच्या त्या प्रयोगशाळेत शाद्लीकाका सव्वीस वर्षं गिनीपिग सांभाळत होता, आणि एवढ्या वर्षांत त्याने नियम मोडला तो एकदाच. पण मोडला तो असा की डॉक्टर रीमच्या सात महिन्यांच्या कामावर पाणी पडावं.

नियम साधा होता. वीस गिनीपिग, वीसही क्षयाचे. दहांना रीमचं नवं औषध, दहांना नुसतं साखरपाणी. कुणाला काय, ते बंद पाकिटात. ना रीमला ठाऊक, ना काकाला. खाणं मात्र सगळ्यांना सारखं आणि तोलून, कारण दर शनिवारी वजनं व्हायची आणि औषधाचा पहिला कौल ती वजनंच देणार होती.

मग रमजान आला. संध्याकाळी रोजा सोडायची तोफ झाली की काका पिंजऱ्यांपाशीच खजूर तोंडात टाकायचा, आणि समोर दहाएक जनावरं अंग फुलवून, मान टाकून बसलेली. आता तुम्हीच सांगा, आजारी जीव समोर असा बसलेला असताना घास घशाखाली उतरतो का? रमजानात आजाऱ्याला उपास नसतो, उलट त्याचं ताट आधी वाढतात. तरुणपणी काका स्वतः याच रोगाने दीड वर्ष इस्पितळात पडून होता, शेजारणी आणून देत त्या सुपाच्या वाडग्यावर जगला होता. तो घरून ताज्या बडीशेपेचे कांद्यासारखे पांढरे गड्डे आणू लागला. महिनाभर रोज, गुपचूप, त्यातल्या नऊ जणांना.

सतरा नंबरला नाही. तोही तितकाच खंगलेला, पण मेला चावरा. काकाचं बोट त्याने दोनदा फोडलं होतं.

ईदनंतरच्या सकाळी पाकीट फोडायचं ठरलं. रीम रवा-खजुराच्या मक्रूदचा डबा घेऊन आली होती. काकाचा मात्र पाय उचलत नव्हता. आदल्या दिवशी त्याने बायकोला, मन्नूबियाला, सगळं सांगितलं होतं, आणि तिने त्याला फैलावर घेतलं होतं: तू गप्प बसलास आणि उद्या कुणाच्या लेकराच्या पोटात खोटं औषध गेलं, तर देवाला काय तोंड दाखवशील? म्हणून त्याने दारातच सगळं ओकून टाकलं.

रीम मटकन स्टुलावर बसली.

"काका, सात महिने! वजनं बडीशेपेची की औषधाची, कसं कळणार आता मला?"

"मला काढून टाक, पोरी. पण आधी कुणाकुणाला दिली ते लिहून घे."

त्याने नऊ नंबर घडाघडा सांगितले. तिने ओठ आवळून ते लिहिले, मेल्या मनाने पाकीट फोडलं आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. एकेका नंबरावर बोट ठेवत ती दोन्ही कागद पुन्हा पुन्हा ताडून पाहू लागली. काकाला वाटलं, आता रडते.

"हे नऊच्या नऊ साखरपाण्याचे," ती म्हणाली. "दहावा सतरा नंबर. त्याला का नाही दिली?"

"चावतो मेला."

रीम हसत सुटली, इतकी की डोळ्यांतून पाणी आलं. बडीशेप खाऊनही नऊ जण झडले होते, न खाता सतराही तेवढाच झडला होता, आणि तोलून-मापून खाणारे औषधवाले दहा चांगले टुणटुणीत होते. काकाच्या दयेने औषधाची परीक्षा जास्तच अवघड केली होती, आणि तरी ते पास झालं होतं. उद्या फुप्फुसं काढून तपासायची होतीच, पण आज तिने काकाच्या तोंडात मक्रूद कोंबला आणि बजावलं, की हे सगळं अहवालात जाणार, तुमच्या नावासकट. काका कानापर्यंत लाल झाला. बोटाचं तेवढं लिहू नकोस, म्हणाला.

ती गेल्यावर त्याने खिशातून उरलेला गड्डा काढला. उद्यानंतर यातलं कुणीच राहणार नव्हतं, हे सव्वीस वर्षांच्या अनुभवाने तो जाणून होता. तो सतरा नंबरच्या पिंजऱ्यापाशी उकिडवा बसला आणि महिनाभराची माफी मागितली.

सतराने अर्धा गड्डा संपवला आणि मग काकाच्या बोटाला कडकडून चावला.

"हक्कच आहे तुझा," काका म्हणाला, आणि उरलेला अर्धा त्याच हाताने पुढे केला.