पुढे केलेले मनगट

सेवा करणाऱ्याने आपला थकवा झाकून ठेवावा, हे जगाला सोज्वळ वाटते. परंतु त्याच झाकणाखाली कधी कधी ज्याची सेवा करायची त्याचेही दुःख दडपले जाते.

बोगोताच्या दक्षिणेकडील टेकडीवर एर्सिलियाला निरोप आला : मंगळवारी पालिकेच्या बाई भेटीला येतील. घरच्या रुग्णाची विनावेतन शुश्रूषा करणाऱ्यांची गरज तपासून, आठवड्यातल्या दोन दुपारी बदली माणूस देण्याची ती योजना होती. त्या दोन दुपारींची एर्सिलिया चार वर्षे वाट पाहत होती. पण 'भेट' म्हणताच तिने पाहुण्यांसाठी करावे तसे सारे केले. फरशी घासली, मळक्या कपड्यांचे गाठोडे परसात दडवले, स्मृती हरपलेल्या वडिलांची दाढी केली, कानांत डूल घातले.

मंगळवारी पालिकेच्या नोहोराबाई आल्या. गुळाचे ऊन पाणी आणि चीज पुढे आले.

"झोप किती होते, ताई?"

"आठ तास."

"पाठ वगैरे दुखते?"

"मला काय धाड भरलीय! आणि बाबा म्हणजे अगदी देवमाणूस."

"घर असं लखलखीत, की बदली माणूस माझ्याच घरी पाठवायला हवं!" नोहोराबाई हसल्या आणि रकान्यांत शून्ये मांडत गेल्या. "मग गरज नाही, असंच लिहिते."

त्या दोन दुपारी हातच्या चालल्या, हे एर्सिलियाला कळले. पण तोंडून खरे निघेना. त्यांना फाटकापर्यंत पोचवण्यासाठी ती उठली आणि सवयीने खुंटीवरची बाजाराची पिशवी काढली.

पिशवी पाहताच वडिलांनी खुर्चीच्या हातावर आपले मनगट ठेवले. "बांध, पोरी. घट्ट नको गं, लागतं."

खुंटीवर पिशवीमागे लोकरी पट्टा लोंबत होता. मनगटावर लाल वळ होता.

एर्सिलियाची मान खाली गेली. "पाव आणायला जाते, तेवढ्यापुरतं... एकदा ते बसखाली जाता जाता वाचले हो. आठ तास नाही, ताई, तीन झोपते. मळक्या कपड्यांचं गाठोडं परसात दडवलंय. आणि बापाला बांधते. लिहा तसंच."

नोहोराबाई पुन्हा खाली बसल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता. पाच मिनिटांत सारे उरकून त्या निघाल्याच होत्या. त्यांनी सारी शून्ये खोडली. "पहिल्यापासून सुरू करू. आणि आता गूळपाणी पुरे, परसातलं ते गाठोडं दाखवा."

एर्सिलियाने वळ तळव्याने झाकला. मग हळूच हात काढून घेतला.

त्या मनगटाला आणि त्या हातांनाही विसावा लाभो.